ठाणेदारच्या अन्ननळीतल्या गाठी

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. "एका कुत्र्यासाठी एवढं?" असं ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी इथेच थांबावं. हा प्रश्न गेल्या सात महिन्यांत मी इतक्या जणांकडून ऐकला की आता कोणी नुसता तोंड उघडायच्या बेतात दिसला तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शेजारणीने विचारला, इस्पितळातल्या मुलींनी विचारला, नणंदेने तर फोनवर हसत हसत विचारला. मी कोणालाही उत्तर दिलं नाही. हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरी कुत्रा आहे आणि तो खाल्लेलं बाहेर टाकायला लागल्यावर जे म्हणतात, गवत खाईल, बरा होईल, त्यांच्यासाठी. लिहिताना मला तुमचा राग येणार आहे, कारण मीही तुमच्यातलीच होते.

मी शालिनी. धंतोलीतल्या एका खाजगी इस्पितळात सव्वीस वर्षं नर्स आहे, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं ऑपरेशनची अवजारं निर्जंतुक करायच्या खोलीत. कात्र्या, चिमटे, सुया, सगळं माझ्या हातून वाफेच्या मशीनमध्ये जातं. प्रत्येक पुडक्यावर एक पट्टी चिकटवलेली असते, वाफ नीट लागली की पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात. रेघ जराशी फिकी दिसली तरी मी पुडकं परत मशीनमध्ये टाकते, मग बाहेर सर्जन कितीही आदळआपट करो. त्यासाठी मी इस्पितळात बदनाम आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

ठाणेदार आमचा कुत्रा. गावठी, तांबूस, सहा वर्षांचा. पिल्लू असताना फाटकात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी केल्यासारखा भुंकायचा, म्हणून आमच्या ह्यांनी ते नाव ठेवलं. तो आला कन्हानहून, माझ्या मोठ्या भावाकडून. दादा कोळशाच्या खाणीतून रिटायर झाला आणि घरामागच्या जागेत कोंबड्या पाळायला लागला. त्याच्याकडे राणी नावाची कुत्री होती, ठाणेदार तिचा मुलगा.

दर रविवारी दादा स्कूटरवर पिशवीतून एक गावरान कोंबडी घेऊन यायचा. आमच्या मागच्या अंगणात ती कापली जायची. आमचे हे तोवर मसाला भाजायला घ्यायचे, आणि मी आतडी, पोटा, दाण्याची पिशवी, सगळं वेगळं काढून एका वाडग्यात ठाणेदारपुढे ठेवायचे. कच्चं, अजून ऊन असलेलं. शिजवलं की कुत्र्याचं तेज जातं, असं मी म्हणायचे. कुठे ऐकलं होतं ते आठवत नाही. जी बाई दिवसभर चिमट्यांना वाफ लागली की नाही ते बघते, ती रविवारी स्वतःच्या हाताने कोंबडीची कच्ची आतडी वाढायची आणि वर अभिमानाने सांगायची, आमचा कुत्रा पाकिटातलं खात नाही.

आधी मीच डॉक्टर झाले

थंडी सुरू झाली तेव्हा ठाणेदार जेवल्याबरोबर अन्न टाकायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज. तोंडाला लाळ सुटलेली. भाकरीचा कोर कडक असला की तो तोंडात धरायचा आणि खाली ठेवून द्यायचा.

मी ठरवून टाकलं, ॲसिडिटी. इस्पितळातून येताना मेडिकलमधून माणसांची गोळी घ्यायची, अर्धी करून लोण्यात घालून त्याला द्यायची. ती लागू पडेना तर उलटी थांबवायचं सिरप. तेही चालेना तर दोन्ही. सहा आठवडे मी हा उद्योग केला. सहा आठवड्यांत तो इतका वाळला की गळ्यातला पट्टा दोन भोकं आत घ्यावा लागला. पट्टा मीच आत घेत होते आणि तरी मला कळत नव्हतं.

आमचे हे लकडगंजला प्लायवूडच्या दुकानात काम करतात. स्वभावाने गरीब आहेत. ते म्हणाले, "अवं, दाखवून तर आणू एकदा कोणाले."

"मले शिकवू नका," मी म्हणाले. "सव्वीस वर्षं काय झक मारून राहिली का मी?"

शेवटी आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्या गृहस्थाने ठाणेदारला टेबलावर घेतलंसुद्धा नाही. दारातूनच बघितलं, गॅस्ट्रिक आहे म्हणाला, तीच गोळी लिहून दिली जी मी देत होते. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. माझंच बरोबर निघालं म्हणून. आज त्या माणसाचं नाव काढलं की मला शिवी येते, पण त्याच्याकडून मी शाबासकी घेऊन आले होते हेही खरं आहे. त्यात आणखी दोन आठवडे गेले.

निदानाचा दिवस

मग एका सकाळी ठाणेदारने पाणीही टाकलं आणि ह्यांनी मला न विचारता रिक्षा बोलावली. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर तिशीतली पोरगी, केस वर बांधलेले, बोलणं अगदी कोरडं. मला ती बघताक्षणी आवडली नाही.

तिने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, हा उलटी करतो की नुसतं पडतं तोंडातून?"

"त्यात काय फरक?"

"उलटीच्या आधी पोट आवळतं, ढवळून येतं. ह्याचं पोट हलतं का?"

दोन महिने मी तो टाकलेला घास पुसत होते आणि एकदाही त्याच्या पोटाकडे बघितलं नव्हतं. उत्तर ह्यांनी दिलं. "नाही हलत, मॅडम. मान खाली घालते अन् पडते. लांबट असते, वळकटीसारखं."

"म्हणजे पोटात गेलंच नाही ते. वरच कुठंतरी अडकून राहिलं आहे."

एक्स-रे काढला. हृदयाच्या मागे, जिथे काही दिसायला नको, तिथे मुठीएवढं पांढुरकं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी भूल देऊन दुर्बीण घालायची ठरली. मी आत थांबायचा हट्ट धरला आणि दुर्बीण कशी धुता, कशात बुडवता, किती वेळ, असे प्रश्न विचारून त्या पोरीला भंडावून सोडलं. शेवटी ती म्हणाली, "ताई, मी माझं काम करून राहिली. तुम्ही स्क्रीन बघा."

मी स्क्रीन बघितली. अन्ननळीच्या आत चार गाठी होत्या. तीन बोराएवढ्या, गुळगुळीत. त्यातल्या एकीला बारीक छिद्र होतं आणि छिद्रातून एक लालसर दोरा बाहेर डोकावत होता. तो हलला. चौथी गाठ मोठी होती, वरून खडबडीत, कडेने रक्ताळलेली. डॉक्टरने तिचा तुकडा काढला आणि बाटलीत टाकला.

"जंत आहे," ती म्हणाली.

"शक्यच नाही. मी दर तीन महिन्यांनी गोळी देते. तारीख लिहून ठेवते."

"ती गोळी आतड्यातल्या जंतांची, ताई. हा आतड्यात राहतच नाही. हा अन्ननळीत घर करतो. आणि लई दिवस राहिला तर त्याच्या गाठीचा कधी कधी कॅन्सर होतो. ह्या तीन गाठींची मला काळजी नाही, त्या इंजेक्शनाने जातील. ही चौथी काय आहे ते रिपोर्ट आल्यावर कळेल. ती कॅन्सरची निघाली तर इंजेक्शनाने जाणार नाही, आणि छाती उघडून काढावी म्हटलं तर ह्याच्या अंगात तेवढं राहिलेलं नाही."

म्हणजे ठाणेदार जगणार की नाही, हे त्या बाटलीत होतं.

मग तिने विचारलं, कच्चं काही खातो का. मी सांगितलं. पहिल्यांदा ते सांगताना मला अभिमान वाटला नाही. तिने कोंबड्या कुठल्या, मोकळ्या फिरतात का, जवळपास शेण असतं का, सगळं विचारलं. पुस्तकातलं मी इथे लिहिणार नाही, पण एवढं कळायलाच हवं: रोगी कुत्र्याच्या विष्ठेतून हा जंत शेणातल्या काळ्या किड्यांत जातो, ते किडे कोंबडी टिपून खाते, आणि कोंबडीच्या आतड्यापोट्यात तो जिवंत राहतो, कुत्र्याची वाट बघत. शिजवलं की मरतो. साधी उकळी पुरते.

"कोंबड्यांमुळंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाली. "रस्त्यावर एखादा किडा खाल्ला असेल. पण तिथे, कोंबड्यांच्या जागी कुत्री आहेत का?"

"एक आहे. ह्याची आई."

"तिला दाखवा. वेळेवर कळलं तर ह्याच इंजेक्शनाने गाठ व्हायच्या आधीच काम होतं."

मी हो म्हटलं.

दादाला केलेला फोन

घरी आल्यावर भूल उतरेपर्यंत ठाणेदार माझ्या मांडीवर पडून होता. त्याची जीभ बाहेर लोंबत होती आणि मला कोणाला तरी फाडून खायचं होतं. पहिला डॉक्टर दूर होता. मी स्वतः फार जवळ होते. मधे दादा होता.

त्याने फोन उचलला आणि नेहमीसारखं म्हणाला, "जय भीम, शालू. काय म्हणते ठाणेदार?"

"आता कोंबडी आणायची नाही," मी म्हणाले. "यापुढे कधीच नाही. तुझ्या उकिरड्यावरच्या कोंबड्यांनी माझ्या घराचं वाटोळं केलं."

"काय झालं वं? नीट सांग ना."

"काही सांगायचं नाही मले. येऊ नको इकडे."

फोन ठेवला. नंतर त्याचे चारपाच फोन आले, मी कापले. वहिनीचा एक आला, तोही कापला. ह्यांनी मधे पडायचा प्रयत्न केला तेव्हा मी भांडं आपटून सांगितलं, या घरात त्या घराचं नाव निघणार नाही. ते गप्प बसले. गप्प बसणं त्यांना चांगलं जमतं, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं.

राणीला दाखवा, हे मी सांगितलं नाही. विसरले नव्हते. रोज आठवायचं. रोज वाटायचं, आपण काय म्हणून फोन करायचा? त्याच्या अंगणातली घाण, त्याला दिसायला नको? आधी त्याने येऊन माफी मागावी, मग सांगेन. कशाची माफी, ते त्याला मी सांगितलेलंच नव्हतं, आणि माझ्या डोक्याला ही गोष्ट सुचलीही नाही.

दहा दिवस

रिपोर्टला दहा दिवस लागतील म्हणाले. ते दहा दिवस मी कशी वागले ते आमच्या ह्यांना विचारा. भाजीवाल्याशी भांडले. कामावर एका नवीन मुलीचं पुडकं रेघ काळी असतानाही परत फिरवलं, ती रडली. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "हळद-तूप देऊन पाहा ना, शालूताई, माझ्या माहेरच्या कुत्र्याले त्यानंच फरक पडला होता." मी तिला म्हटलं, तुमच्या माहेरचा कुत्रा आता कुठे आहे? ती म्हणाली, मेला ना तो. मी म्हटलं, तेच. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही आणि मला त्याचं सुख आहे.

पण ठाणेदारचं जेवण मी कधी चुकवलं नाही. डॉक्टरने सांगितलं होतं, अन्न वरून खाली आपल्या वजनाने उतरलं पाहिजे, तर त्याला उभं करून भरवा. आमच्या घरात गच्चीवर जायचा जिना आहे. त्याचे पुढचे पाय तिसऱ्या पायरीवर, मागचे खाली जमिनीवर, असा तो उभा राहायचा. ज्वारीच्या कण्या पातळ शिजवून, त्यात उकडलेल्या मांसाचा चुरा कालवून मी एकेक चमचा द्यायचे. संपल्यावर पंधरा मिनिटं त्याला तसंच धरून ठेवायचं. दिवसातून चार वेळा. दुपारच्या दोन वेळा हे दुकानातून येऊन करायचे, लकडगंज ते घर, भर गर्दीत. मी आभार मानले नाहीत. ते त्याला धरून उभे असले की हळूच काहीतरी बोलत असायचे, मी आत आले की थांबायचे. मला वाटायचं माझ्याबद्दलच बोलत असतील.

पाचव्या दिवशी दुपारचं सगळं आत राहिलं. एक चमचाभरही बाहेर आलं नाही. ह्यांनी मला इस्पितळात फोन करून सांगितलं, "सगळं गेलं वं आत. सगळं." मी मशीनच्या खोलीत एकटी होते, तिथेच खुर्चीवर बसून रडले. मग तोंड धुतलं आणि पुढचं पुडकं घेतलं.

गुरांचं इंजेक्शन

रिपोर्ट आला. चौथ्या गाठीत कॅन्सर सापडला नव्हता. मी हुश्श म्हणायच्या आत ती कोरडी पोरगी म्हणाली, "सापडला नाही म्हणजे नाही असं नाही, ताई. तुकडा लहान होता. इंजेक्शनं सुरू करू. गाठ आटली तर आपली, नाही आटली तर पुन्हा बघू." मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. आता वाटतं, या सगळ्या प्रकरणात खोटा धीर न देणारी तेवढी एकच व्यक्ती मला भेटली.

इंजेक्शन गुरांचं होतं. बाटलीवर गाईचं चित्र. दर आठवड्याला एक. दुसऱ्या आठवड्यापासून डॉक्टर म्हणाली, तुम्ही नर्स आहात, मी मोजून भरून देते, घरी तुम्हीच टोचा, त्याला तेवढाच त्रास कमी. म्हणून मग ते माझ्याकडे आलं. दर बुधवारी ठाणेदार मला इंजेक्शन ठेवलेला बर्फाचा डबा उघडताना बघायचा आणि पलंगाखाली जायचा. हे त्याला ओढून काढायचे, मी मानेवरची कातडी चिमटीत धरून टोचायचे. तो एकदाही चावला नाही. टोचून झालं की माझा हात चाटायचा, आणि ते मला सहन व्हायचं नाही. निदान गुरगुरला असता तर बरं झालं असतं.

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना एवढंच सांगते. वजन दर आठवड्याला करा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, डोळे आपल्याला हवं ते बघतात. शेजाऱ्यांना काहीही सांगू नका. घरात एक तरी न ओरडणारं माणूस असावं.

सहा इंजेक्शनांनंतर पुन्हा दुर्बीण घातली. तीन गाठींच्या जागी नुसते वण राहिले होते. चौथी अर्ध्यावर आली होती. डॉक्टर पहिल्यांदा हसली. "आटते आहे," ती म्हणाली. "कॅन्सर असता तर अशी आटली नसती. पण आटून संपेपर्यंत मी काही बोलणार नाही." परत येताना रिक्षात ठाणेदार ह्यांच्या मांडीवर उभा राहून रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्यावर भुंकला. दोन महिन्यांत त्याचा आवाज निघाला नव्हता. मी खूप हसले. ह्यांच्याकडे बघितलं तर ते बाहेर रस्त्याकडे बघत होते, चेहरा पडलेला.

राणी

जेवताना मी विचारलं, "काय झालं तुम्हाले? आज त आनंदाची गोष्ट आहे."

ते घास कालवत राहिले. मग म्हणाले, "राणी गेली."

"कोण राणी?" असं मी खरंच म्हणाले. मग माझा हात ताटात थांबला. "कधी?"

"दोन आठवडे झाले. दादाचा फोन आला होता दुकानात. कोंबडीमागं पयाली, मधेच केकाटली अन् पडली. पाच मिनिटांत खेळ खलास. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या म्हणे. दादाले वाटते साप चावला. लाकडाच्या ढिगाऱ्यातून एक धामण निघाली, तिले मारलं पोट्ट्यांनी."

"अन् तुम्ही मले सांगितलं नाही? दोन आठवडे?"

"तुनंच म्हटलं होतं, त्या घराचं नाव काढायचं नाही." त्यांचा आवाज चढलेला मी बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ऐकला. "मी नाव काढलं नाही."

मी डॉक्टरला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, हा जंत अन्ननळीत पोचायच्या आधी मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून जातो, भिंत पातळ होते, कधी कधी फुटते. बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आणि मग विचारलं, "तुम्ही दाखवली होती ना तिला? मी म्हटलं होतं."

मी फोन ठेवला.

कन्हान

राणीची दोन पिल्लं दादाकडे होती, आता वर्षाची झालेली. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टर म्हणाली, पिल्लांना इथे आणा, नाहीतर मी रविवारी येते. मी म्हटलं, मी जातेच आहे, मला दोन इंजेक्शनं भरून द्या, मी टोचते. तिने दिली, वजन अंदाजाने धरून, पण बजावलं, वजन कमी-जास्त वाटलं तर टोचू नका. बर्फाचा डबा घेऊन मी बसने कन्हानला गेले, एकटी. हे येतो म्हणाले होते, मी नको म्हटलं. मला वाटत होतं माझी काय शोभा व्हायची ती एकटीची व्हावी.

दादा अंगणात पाण्याची भांडी धूत होता. मला बघून उभा राहिला. "जय भीम" आम्ही दोघंही म्हणालो नाही. वहिनी दारात आली, पाणी आणते म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. पिल्लं माझ्या पायाशी आली, वास घेत, शेपटी हलवत. त्यांच्यातल्या एकाचं तोंड हुबेहूब ठाणेदारचं.

मी सगळं सांगितलं. गाठी, जंत, कोंबडीची आतडी, शेणातले किडे. डॉक्टरने पहिल्याच दिवशी राणीला दाखवा म्हटलं होतं ते. साप नव्हता बहुतेक, हेही, आणि पिल्लांसाठी डॉक्टर रविवारी यायला तयार आहे, हेही. उभ्याउभ्याच सांगितलं, बसा कोणी म्हटलं नव्हतं.

दादाने हातातल्या भांड्यातलं पाणी ओतून टाकलं. "म्हणजे तुले माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"हो."

"मी फोन लावून राहिलो होतो अन् तू कापून राहिली होती. काहून नाही सांगतलं वं?"

मी म्हणाले, "राग आला होता. तुझ्याकडच्या कच्च्या आतड्यांनी ठाणेदार मरणार होता."

तेव्हा वहिनी बोलली. ती माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोललेली नाही, आताही बोलली नाही. "आम्ही कच्चं देत नव्हतो, शालूताई. मी कण्यांत शिजवूनच टाकत होती राणीले. मागच्या साली तुम्ही इथं आल्या तवा हसल्या मले. म्हटलं तुम्ही, कुत्र्याले काय लापशी चारता, कच्चं द्या, तेज येते. मी ह्याइले म्हटलं, ताई मोठ्या दवाखान्यात आहे, तिले जास्त कळते. तवापासून कच्चं दिलं."

मला आठवलं. अगदी याच अंगणात, चहाचा कप हातात घेऊन, मी हसले होते. तिला हसण्यात काय गंमत होती तेही आठवलं: ती सातवी शिकलेली आणि मी नर्स.

डबा माझ्या हातात जड झाला होता. मी म्हणाले, "दादा, पिल्लांसाठी इंजेक्शन आणलं आहे. आज दिलं पाहिजे. मी टोचते, मला सवय आहे, त्यांना दुखणारही नाही."

मी खाली वाकून त्या ठाणेदारसारख्या तोंडाच्या पिल्लाच्या मानेवर हात ठेवला. दादाने भांडं खाली ठेवलं, पुढे आला आणि माझा हात धरून बाजूला केला. झटकला नाही. लहान मुलाचा चुलीवरून काढतात तसा काढला.

"राहू दे," तो म्हणाला. "डॉक्टरीण येईल ना रविवारी म्हणते? तिच्याच हातानं देऊ. तू नको."

मग त्याने पिल्लाला उचलून घेतलं आणि दुसऱ्याला पायाने घराकडे ढकललं. दारातून वळून म्हणाला, "बस निघायले टाइम आहे. बसायचं असलं त बस."

वहिनीने खुर्ची आणून ठेवली. मी डबा मांडीवर घेऊन बसले.